टप्पा पडू दे

आमच्या पुसदला टेनिस बॉल घराघरांत असायचा, पण टेनिस कुणी पाहिलेलं नव्हतं. तो बॉल गल्लीतल्या क्रिकेटचा. त्या क्रिकेटमध्ये माझं काम ठरलेलं होतं, फिल्डिंगचं. दादा माझ्याहून मोठा, बॅट त्याची आणि नियमही त्याचेच. माझी बॅटिंग आली की नेमका अंधार पडायचा, नाहीतर त्याला भूक लागायची. मी आकांडतांडव करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फिल्डिंगला उभी राहायची.

राजूरच्या कोळसा खाणीतून रिटायर होऊन दादा पुसदला परतला, तेव्हा माझीही पन्नाशी उलटली होती. डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला होता. नुसतं चालायचा त्याला कंटाळा, म्हणून क्लबच्या मुरमाच्या टेनिस कोर्टावर त्यानं नाव घातलं. मला न विचारता माझंही घातलं. "दुपारलोक घरी बसून काय करून राह्यली? चाल," एवढंच म्हणाला. मी शिक्षिका, माझी शाळा दुपारची, सकाळ मोकळीच, त्यामुळे सबब सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर मनात एक होतंच, जन्मात एकदा तरी याला हरवायचं.

कोच सरांनी पहिल्या दिवशी रॅकेट धरायला शिकवलं. कुणाशी हात मिळवतो तशी धरायची. अंग आडवं वळवायचं, बॉलवरची नजर काढायची नाही, रॅकेट खालून वर नेऊन खांद्यापाशी संपवायची. ऐकायला सगळं सोपं होतं. पहिला बॉल माझ्याकडे आला आणि मी तो डाव्या हातानं झेलला. दुसराही झेलला.

"अवं, कायले पकडून राह्यली? मार ना!" दादा पलीकडून ओरडला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "जन्मभर पकडायलेच तर उभी केली होती तू मले!"

कोच सरांना काही कळेना. "ताई, टप्पा पडू द्या," एवढंच ते शांतपणे सांगत राहिले. मला ते जमता जमेना. बॉल दिसला की पुढं धावायचं, खाली पडायच्या आत गाठायचा, ही माझी जुनी खोड. दादाची खोड वेगळी होती. तो प्रत्येक बॉल सिक्सरसारखा उचलून कुंपणापलीकडच्या तुरीत घालवायचा आणि मग रॅकेटला नावं ठेवायचा, मुरमाला ठेवायचा, वाऱ्यालाही ठेवायचा. माझ्या लग्नानंतर आम्ही भाऊबहीण इतकं कधी भांडलो नव्हतो, आणि इतकं हसलोही नव्हतो. आता तो मुलाकडे नागपूरला असतो. मी अजून खेळते, बऱ्यापैकी खेळते. पण त्या सकाळींची मजा नाही, आणि दादाची फार आठवण येते.

त्या वर्षी थंडीत एकदा सरांनी आमच्या दोघांचा गेम लावला. सर्व्हिस खालून टाकायची सवलत होती. बघता बघता मी चाळीस-तीसवर पुढं गेले, आणखी एक पॉइंट की गेम माझा, आणि दादाच्या तोंडाचा पट्टा बंद झाला. पुढचा बॉल त्यानं दात-ओठ खाऊन मारला. मी थांबले, टप्पा पडू दिला आणि हलक्या हातानं बॉल जाळीच्या जरासा पलीकडे टाकला. दादा मागं होता. त्यानं बॉलकडे पाहिलं आणि तो जागचा हललाच नाही.

सरांनी टाळ्या वाजवल्या. माझा मात्र संताप संताप झाला. भीक घातल्यासारखा विजय मला नको होता. मी तरातरा जाळीपाशी गेले.

"दादा, मुद्दाम सोडला ना तू?"

"येडी झाली काय? तुले जिंकू देईन मी?"

हे मात्र मला पटलं. ज्यानं कधी बॅट हातात दिली नाही, तो गेम कशाला देईल?

मग गुडघ्यांवर हात टेकून, सरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो म्हणाला, "मी निंगालो होतो वं. पायच निंगाले नाही."

मी त्याच्या हाताला धरलं नाही. धरलं असतं तर तो माझ्यावर खेकसला असता. बाकापर्यंत त्याच्या शेजारून हळूहळू चालत गेले. गेम मी खरोखर जिंकले होते, आणि तो त्याला परत देऊन टाकावासा वाटत होता.