टाकीतलं पाणी

आषाढ सरत आला की पेडण्याच्या आमच्या चित्रशाळेत पाट येऊ लागत. ज्याच्या घरचा गणपती, त्याच्याच घरचा पाट. कुणाचा फणसाचा, कुणाचा उंदरांनी कोपरा कुरतडलेला, कुणाच्या काठावर गेल्या वर्षीच्या रंगाचा ओघळ... भिंतीला टेकून ते रांगेने उभे राहत, बाबा त्यांच्यावरच मूर्ती घडवत, आणि ओल्या मातीचा, शेगडीतल्या कोळशांचा वास आमच्या कपड्यांतून चतुर्थीपर्यंत जात नसे.

पण सगळ्यांत जवळची आठवण आहे ती रंगाच्या गनची. पेनाएवढी लांब, वर रंगाची इवलीशी वाटी, पोटात केसासारखी सुई, मागे हवा दाबणाऱ्या यंत्राच्या टाकीकडे गेलेली नळी. बाबांच्या हातात ती फुसफुसू लागली की गणपतीच्या पांढऱ्या गालावर गुलाबी रंग धुक्यासारखा उतरे. संध्याकाळी ती धुण्याचं काम माझं. मी दहा वर्षांची होते. सुई मागून अलगद ओढायची, जाड बाजूकडून टोकाकडे पुसायची, उलटी कधीच नाही. तोंडात सुकलेला रंग ओल्या वातीने काढायचा. मग सुई काचेवर लोळवायची. सरळ असेल तर ती गुपचूप घरंगळते, वाकडी असेल तर अडखळते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं... पाहून पाहून बोटांना कळलं होतं.

त्या वर्षी चतुर्थी दोन दिवसांवर आली होती. बाहेर संततधार, हवा इतकी दमट की शेगड्या लावूनही मूर्ती सुकेनात. बाबांनी एका मूर्तीच्या गालावर गन धरली, आणि ती शिंकली. गालभर, सोंडभर रंगाचे थेंब उडाले. मूर्तीचा यजमान नेमका छत्री मिटून दारात उभा होता.

"काय रे मास्तर," तो म्हणाला, "देवाकच देवी इली?"

बाबा गन खाली ठेवून उठले. माझ्याकडे वळले.

"सुई वाकडी केलंस मां? चेडवाच्या हातात गन दिलंय, थंयच चुकलंय!"

"सुई सरळ आसा, बाबा. काचेर लोळवून बघा."

त्यांनी लोळवून पाहिली नाही. काच तिथेच, हाताच्या अंतरावर होती. मूर्ती त्यांनी रात्रभर बसून कुंचल्याने सावरली. गन मात्र मुलीच्या हातात पुन्हा दिली नाही. ती न लोळवलेली सुई माझ्या आत कुठेतरी रुतून राहिली.

पुढे म्हापशाच्या बाजारात मी तसल्याच हवा दाबणाऱ्या यंत्रांचं दुकान उभं केलं, एकटीने, भांडून. एका पावसाळ्यात एका जुन्या यंत्राच्या टाकीखालचा नळ सहज उघडला, तर गंजकं पाणी वाहू लागलं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं, नळीतून वर चढतं आणि गनच्या तोंडातून उडतं... आमच्या चित्रशाळेतला तो नळ कुणी कधीच उघडला नव्हता!

दुपारचीच पेडण्याची बस धरली. बाबांच्या समोर टाकीखाली वाकले, नळ सोडला. तांबडं पाणी पाटांच्या पायांपर्यंत गेलं. बाबांनी त्या पाण्यात बोट बुडवून पाहिलं. मग त्यांनी वाटीत गुलाबी रंग ओतला आणि मूर्तीकडे मान करून गन माझ्यापुढे धरली.

"मार गो बाय."

समोरचा माणूस भावात किती खाली उतरला आहे आणि याहून उतरणार नाही, हे मला बाजारात त्याच्या डोळ्यांवरून कळतं. त्या दिवशी कळलं नाही. मला आणखी हवं होतं.

"आता कित्याक?" म्हटलं, गन हातात घेतली नाही, आणि परतीची बस पकडली.

पुढच्या चतुर्थीला बाबा नव्हते. आता पाट दुसऱ्या चित्रशाळांत जातात. गन माझ्याकडे आहे. दर आषाढात मी तिची सुई काढते, पुसते, काचेवर लोळवते... ती अजून सरळ आहे. वाटीत रंग मात्र मी अजून ओतलेला नाही.