एका बैठकीची भाकरी

कुपवाडच्या एमआयडीसीत नवीन लागलेलं पोर पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी शिकतं. एक, पगार कागदावर वेगळा असतो आणि हातात वेगळा येतो. दोन, चंदनबालाकाकींच्या खानावळीत दिवस बुडायच्या आत जेवायचं असतं. सूर्य टेकला की काकी गॅस बंद करतात, मग दारात कोणी का उभा असेना. कांदा नाही, लसूण नाही, बटाट्याचं तर नाव काढायचं नाही. पोरं कुरकुरतात आणि मुकाट्याने जेवतात, कारण भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि आमटीत डाळ सापडते.

काकींचं वय सत्तर. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

गेल्या वर्षी त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने नवा दर लिहिला. दोन वेळचे महिन्याला बत्तीसशे होते, ते अडतीसशे केले. लिहिताना हात जड झाला होता, पण सिलिंडर आणि ज्वारी काही काकींना विचारून महाग होत नाहीत. पुण्याचा मुलगा धनपाल फोनवर म्हणाला, "आई, एक तर दर वाढव, नाहीतर बंद कर." खानावळ बंद केली तर दिवसभर कुणावर ओरडायचं, हा काकींचा प्रश्न होता. त्यांनी दर वाढवला.

दुसऱ्याच दिवशी प्रांजल म्हणाली, "काकी, एक तारखेपासनं माझा सकाळचा डबा नगो. माझं एकासन हाय."

प्रांजल जतकडची, धनगराची पोर. बारावी झालेली. बिस्किटांच्या पुड्यांना चिकटपट्टी लावायच्या कामावर होती. त्यांच्या घरात कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात घालणारी ही पहिलीच. सकाळी सातला कामावर जायची आणि पाचला खानावळीत येऊन जेवायची. बापाने निघताना एवढंच सांगितलं होतं, "परवडंना झालं तर माघारी ये. सोयरीक बघून ठेवतो." त्यामुळे परवडणं हा तिच्यासाठी हिशेबाचा नव्हे, जन्माचा प्रश्न होता.

एकासन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. अष्टमी-चतुर्दशीला काकी करतात, तिथूनच हा शब्द पोरीने उचललेला. काकींना काय ऊर भरून आला! बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, जाऊन त्यांनी बायकांना सुनावलं, "धनगराची पोर रोज एकासन करते. आणि आपल्या सुना? पर्युषणातसुद्धा मोबाइल बघत चिवडा खातात."

हे कौतुक चार दिवस टिकलं.

पाच तारखेला जेवता जेवता प्रांजल उठली, कोपऱ्यातल्या बरणीतून लोणचं घेतलं आणि परत येऊन ताटावर बसली.

काकींच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "काय गं, एकासन ना तुझं?"

"व्हय की."

"एकासनात उठून परत बसत नाहीत. एक आसन. एकदा बसलं की बसलं. उठलं की जेवण संपलं."

पोरीचं तोंड उतरलं. "आवं काकी, मला वाटलं एकदाच जेवायचं म्हंजी झालं."

"कुणी सांगितलं तुला हे व्रत करायला?"

प्रांजलने भाकरीचा तुकडा मोडला. मग तिची नजर फळ्यावरच्या अडतीसशेवर गेली आणि घाईने खाली आली. बास, काकींना कळायला तेवढं पुरे होतं.

आधी काकींना राग आला. धर्माच्या नावावर खोटं! चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. कारण हेच खोटं त्या स्वतः बोलल्या होत्या. सांगलीतच. शहात्तर साली.

तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या. नुकत्या बी.ए. झालेल्या, एका भांडारात काउंटरवर लागलेल्या. पगार नव्वद. खोलीला पंचवीस जायचे, गावी आईला वीस. खानावळीत दोन वेळ जेवलं तर हातात पाच रुपये उरायचे, आणि त्या पाचांत साबण, चपला, औषध आणि इभ्रत सगळं बसवायचं. चंदनबाला एक वेळ जेवायला लागली. लाज वाटू नये म्हणून सांगितलं, एकासन आहे. नेम अगदी काटेकोर पाळायची, फक्त तो देवासाठी नव्हता.

संध्याकाळी भूक लागली की ती पेठेतून चालत घाटावर जायची. हळदीचा वास सगळ्या रस्त्यांना असायचा, तिच्या दोन्ही साड्यांनाही. सायकलींच्या घंटा, पुलावरून परतणारी माणसं, कृष्णेचं संथ पाणी. तिथे भूक विसरायची असं नाही, पण तिला सोबत असायची. काय दिवस होते! वाईट होते, आणि तरी आज कुणी परत दिले तर काकी दोन्ही हातांनी घेतील.

खानावळवाली राहीबाई निरक्षर होती, तोंडाने फटकळ. महिनाभर तिने बघितलं. मग एक दिवस ताट वाढताना म्हणाली, "उपास करणारी बाई भाकरीकडं अशी बघत न्हाई."

चंदनबालाने ताट जवळ ओढलं.

"एका बैठकीला किती भाकरी खायच्या, ते तुमच्या देवानं सांगितलंय का?"

"नाही."

"मग बस. मी म्हणंस्तवर उठू नगंस."

त्या दिवशी चंदनबालाने चार भाकरी खाल्ल्या. पुढे दीड वर्ष रोज. राहीबाईने दर एका वेळचाच घेतला आणि त्या गोष्टीचा पुन्हा कधी उल्लेख केला नाही. तिच्याच चुलीपाशी बसून चंदनबाला भाकरी थापायला शिकली. बी.ए.चा कागद कुठल्या ट्रंकेत आहे ते आज काकींना आठवत नाही. भाकरी मात्र अजून हातात आहे.

तीच हातातली भाकरी काकींनी प्रांजलच्या ताटात टाकली. "लोणचं पाहिजे तर मला सांगायचं. बस."

"काकी, फुकट नगो मला."

"फुकट कोण देतंय? धर्मशाळा आहे का ही?" काकी उठल्या, गुडघ्यांना शिव्या घालत फळ्यापाशी गेल्या. अडतीसशे तसेच ठेवले. त्याच्याखाली लिहिलं: 'एकासन. एक वेळ, पोटभर. सोळाशे. मध्येच उठायचं नाही.'

पोरांनी माना वर करून फळा वाचला. मग कोपऱ्यातून फाउंड्रीतला जयराज ओरडला, "काकी, एक तारखेपासनं माझं पण एकासन!" त्याच्यामागे आणखी तिघे. "आमचं पण! लय दिवसांपासनं मनात हुतं!"

"मेल्यांनो, एवढे श्रावक तर आमच्या बस्तीत पण जमत नाहीत," काकी म्हणाल्या. "आणि तू रे जयराज, काल गाड्यावर अंडाबुर्जी खाताना दिसलास. तुला अडतीसशे."

हसण्याच्या गोंधळात प्रांजलचा फोन वाजला. बापाचा होता. ती उठायला लागली, तसा काकींचा हात तिच्या खांद्यावर पडला.

प्रांजल बसूनच बोलली, तोंडात घास तसाच ठेवून. "व्हय आप्पा. न्हाई, माघारी न्हाई येत. परवडतंय."

काकींनी दुसरी भाकरी वाढली. बाहेर दिवस बुडायला अजून तासभर होता.