दोरू नदीचा डावा काठ

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत मी पोर्तुगालमध्ये माझी सासू हरवली. नक्की कोण हरवलं होतं याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. एक माझं, आणि एक बाकी सगळ्यांचं.

आम्ही डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो. मी पुण्याची, नवरा समीर नागपूरचा. आमची इरा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र अस्सल डब्लिनी इंग्रजीत येतं. नागपूरचा उन्हाळा टाळायला समीरच्या आई मार्चमध्ये आमच्याकडे आल्या होत्या. आई म्हणजे निवृत्त शिक्षिका. बत्तीस वर्षं सायकलवरून शाळेत गेल्या आणि सातवी ते दहावीला भूगोल शिकवला. (या वाक्याचा उत्तरार्ध मी वेळीच लक्षात घ्यायला हवा होता.)

सायकलच्या सहलीची कल्पना माझी. मी ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे घरचं काहीही मला साधेपणाने करता येत नाही. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नावाची नदी आहे, तिच्या दोन्ही बाजूंना डोंगरभर द्राक्षाचे मळे, आणि काठाकाठाने रस्ता. रेग्वा नावाच्या गावातून निघायचं आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या पिन्याव नावाच्या गावात पोचायचं. चढ आहे का, असं समीरने विचारलं तेव्हा मी म्हटलं, अरे नदीकाठचा रस्ता आहे, नदी कधी चढ चढते का? समीर तरीही म्हणाला की त्याचा गुडघा दुखतोय, तो बॅगा घेऊन ट्रेनने पुढे जाईल. त्याचा गुडघा फक्त सायकल आणि केर काढायचा हूव्हर दिसला की दुखतो.

आईंना मात्र कल्पना एकदम पसंत पडली. नागपूरहून निघतानाच त्यांनी दोन्ही देशांचे व्हिसे काढून आणले होते. घराजवळच्या कालव्याकाठच्या रस्त्यावर आमचा सराव सुरू झाला. अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून आईंनी दुसऱ्या दिवसापासून वेणी घातली, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि मॅपल झाडांखालून अशा निघाल्या की शेजारची ब्रीडा मला म्हणाली, तुझी सासू अगदी ग्रँड चालवते, तू जरा डगमगतेस.

एका सायकलवेड्याने वेबसाइटवर लिहून ठेवलं होतं की रेग्वाहून निघालात की नदीचा डावा काठ धरा, सपाट आणि सुंदर रस्ता आहे. मी ते तीन रंगांत छापून घेतलं.

निघायच्या दिवशी सकाळी रेग्वाच्या दुकानातून आम्ही तीन बॅटरीवाल्या सायकली घेतल्या. आईंच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या, दुपारच्या दशम्या, पासपोर्ट, सगळं मी माझ्या पाठपिशवीत ठेवलं. जबाबदारी एका माणसाकडे असलेली बरी. इराने निसर्ग बघावा म्हणून तिचा फोनही काढून घेऊन त्याच पिशवीत टाकला. आईंचा फोन तसाही वायफायशिवाय चालत नव्हता. म्हणजे संपर्काची जेवढी साधनं होती तेवढी मी स्वतःच्या पाठीवर घेतली आणि चेन लावली.

नदी आमच्या उजव्या हाताला होती. समोर पूल दिसत होता. मी म्हटलं, पूल ओलांडायचा नाही, आपल्याला डावा काठ धरायचाय, आणि आपण डावीकडेच आहोत.

आई थांबल्या. पाण्याकडे बघितलं, आणि वर्गात सांगावं तसं शांतपणे म्हणाल्या, "केतकी, नदीचा डावा काठ म्हणजे पाणी जिकडे वाहते तिकडे तोंड करून डावा. आपण उलटे चाललो. तो पलीकडचा हाय."

मी पुण्याची असल्यामुळे मला हे पटायला वेळ लागणार होता. शिवाय माझ्या हातात छापील कागद होता. मी म्हटलं, "आई, ते आपल्याकडे. इथे युरोपात वेगळं असतं. तुम्ही फक्त माझ्या मागे या." आणि निघाले.

मागे वळून बघितलं नाही, कारण मी बोलत होते. पोर्तुगालचा इतिहास मी आदल्या आठवड्यात वाचून ठेवला होता, तो सगळा मी सांगितला. मळ्यांच्या पायऱ्या कशा बांधल्या, दगड कुठून आणले, द्राक्षं पायांनी का तुडवतात. रस्ता मध्येच नदी सोडून वर चढायला लागला तेव्हा मी दिलासा दिला की हा थोडाच भाग आहे. चौथ्या वळणावर मी विचारलं, "आई, दम लागला का?" उत्तर नाही. एवढं ऐकून घेतायत म्हणजे किती समजूतदार सासू, असं वाटून मला भरून आलं. मग वळले.

मागे रस्ता होता. रस्त्यावर एक मांजर होतं.

पहिली दहा मिनिटं मी संत्र्याच्या झाडाखाली शांतपणे उभी राहिले. हळू येत असतील. पुढची दहा मिनिटं अशांतपणे. मग परत खाली गेले, दोन वळणं शोधली, पुन्हा वर आले, आणि त्या गडबडीत सायकल सबंध वेळ सगळ्यात जोरदार गतीवर ठेवली. शेवटी एका कठड्यापाशी येऊन खाली बघितलं, तर नदीच्या पलीकडच्या काठाने, टेबलासारख्या सपाट रस्त्यावरून, दोन पिवळी हेल्मेट्स निवांत चालली होती. एकीच्या कमरेची लाल ओढणी वाऱ्यावर उडत होती.

मी ओरडले. घंटी वाजवली. सायकल वर उचलून हलवली. तेवढ्यात छोट्या हेल्मेटने हात केला. मग मोठ्या हेल्मेटनेही केला. आणि दोघी वळणाआड दिसेनाशा झाल्या.

नकाशा सांगत होता की पुढचा पूल थेट पिन्यावलाच. माझ्या पोटात गोळा आला, कारण बाकीच्या गोळ्या माझ्या पिशवीत होत्या. सदुसष्ट वर्षांची बाई, शुगर, परका देश, बरोबर एक पोर, खायला काही नाही. समीरला फोन करावा, तर सांगणार काय? तुझी आई माझ्याकडून हरवली, पण दिसते? मी ठरवलं की आधी आईंना गाठायचं आणि मग जे झालं ते किस्सा म्हणून सांगायचं. तेवढ्यात सायकलची बॅटरी संपली. बॅटरी संपलेली बॅटरीवाली सायकल चढावर ढकलणं म्हणजे आजारी म्हैस घरी नेण्यासारखं असतं.

अशी ढकलत ढकलत मी एका वाडीपाशी पोचले. तिथे एक म्हातारे गृहस्थ द्राक्षाच्या वेली तारेला बांधत होते. मला बघून त्यांनी काहीतरी विचारलं. मला पोर्तुगीजमध्ये फक्त धन्यवाद येत होतं, ते मी म्हटलं. मग फोन काढला, भाषांतराच्या ॲपवर घाईघाईने लिहिलं: माझ्या सासूबाई पलीकडे गेल्या, मी इकडेच राहिले. आणि स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी वाचलं. डोक्यावरची टोपी काढली. छातीवर क्रूसाची खूण केली आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

मला वाटलं, किती संवेदनशील लोक आहेत. आयर्लंडमध्ये पत्ता चुकला तर लोक प्रेमाने वागतात, पण इतकं नाही. आणि त्या मायेने माझा बांध फुटला. मी रडायला लागले. त्यांनी बायकोला हाक मारली. ती आली, स्क्रीन वाचली, मला पोटाशी धरलं आणि स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. पाणी दिलं, पालेभाजीचं गरम सूप दिलं, पाव दिला. माझा फोन घेऊन ती त्यात काही बोलली. ॲपने मराठीत विचारलं: हे केव्हा झालं?

मी लिहिलं: आज सकाळी दहा वाजता. सायकलवर.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग तिने फडताळातून एक मेणबत्ती काढली, मेरीमातेच्या तसबिरीपुढे लावली आणि मला सासूबाईंचं नाव विचारलं. मी सांगितलं, सुमन. ती हळू आवाजात प्रार्थना म्हणू लागली, आणि त्यात मधूनच "सुमना, सुमना" ऐकू यायला लागलं, तेव्हा माझ्या हातातला चमचा थांबला. त्यांच्या भाषेतही पलीकडे गेलेली माणसं परत येत नसतात, हे मला सूप अर्धं संपल्यावर कळलं.

खुलासा करायला फोन उचलला, तर तो सकाळपासून नकाशे दाखवून दाखवून बंद पडला होता. इराचा फोन काढला, तर त्याचा पासवर्ड तिने मला कधी सांगितलाच नव्हता. मी त्या माउलीला हाताला धरून अंगणात नेलं. खालची नदी दाखवली. पलीकडचा रस्ता दाखवला. दोन्ही हातांनी सायकलचं हँडल धरून गरगर पाय हलवले, हात करून टाटा केला, मग माझ्याकडे बोट दाखवून कपाळावर हात मारला.

काकांना आधी कळलं. ते हसायला लागले ते पायरीवरच बसले. मावशींनी त्यांना टोपीने मारलं, आत गेल्या आणि मेणबत्ती फुंकून पुन्हा फडताळात ठेवून दिली. कुणाला तरी लागेलच.

काकांनी माझी सायकल त्यांच्या छोट्या टेम्पोत टाकली आणि मला खाली नदीकाठच्या स्टेशनवर सोडलं. आगगाडी माझ्याच काठाने जात होती. पाण्याला अगदी लागून. त्या डब्यात सायकलला धरून उभी असताना मात्र मी एकदाही नदीकडे बघितलं नाही. आई कुठे तरी रस्त्याकडेला चक्कर येऊन बसल्या असतील आणि इरा येणाऱ्याजाणाऱ्याला विनवत असेल, एवढंच दिसत होतं. मी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं. तेही का, तर माझा कागद रंगीत होता म्हणून.

पिन्यावला उतरून धावत नदीवर गेले. घाटाशी एका कॅफेबाहेर छत्रीखाली तिघं बसली होती. समीर, इरा, आणि पाय लांब करून बसलेल्या आई. त्या दोन तासांपूर्वीच पोचल्या होत्या. मी लिंबाचं सरबत घेणार का, असं समीरने विचारलं. त्याला वाटलं होतं की मी मुद्दाम अवघड रस्त्याने गेले, व्यायाम म्हणून. मला फोन का नाही केलास विचारलं, तर म्हणाला, तुला डिस्टर्ब केलेलं चालत नाही ना.

मी आईंसमोर गोळ्या काढल्या. त्यांनी ड्रेसच्या खिशातून एक पाकीट काढून दाखवलं. वेगळ्या गोळ्या त्यांनी सकाळीच ठेवून घेतल्या होत्या. खाल्लंही होतं, भात आणि चण्याची उसळ. इराने विचारून विचारून बिनमटणाची मिळवली होती. "बस आधी," त्या म्हणाल्या. "पुलापाशी तुले किती आवाज दिले. तू बोलत होती. मग म्हटलं, जाऊ दे, लेकराले घेऊन निघावं, तुले कळल्यावर येशील वापस."

"आणि मी वरून एवढी ओरडत होते, ती मी होते हे कळलं नाही?"

इराने खांदे उडवले. "मॅम, वी थॉट इट वॉज सम मॅड वन रोअरिंग अप द हिल. वी वेव्ह्ड टू बी नाइस."

लपवून उपयोग नव्हता, कारण मावशींचा पाव माझ्या पिशवीतून डोकावत होता. मी मेणबत्तीसकट सगळं सांगितलं. सांगताना समीरकडे बघायची हिंमत झाली नाही. आईंच्या खांद्यांना हलकी उचकी लागल्यासारखं झालं, आणि त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरून कुणीतरी पाणी आणून दिलं. मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं त्या डोळे पुसत म्हणाल्या. आणि त्या बाईला भेटल्याशिवाय आपण डब्लिनला जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं ट्रेनने त्या छोट्या स्टेशनवर उतरून चालत वर गेलो. समीरचा गुडघाही आला. मावशी दारातच होत्या. मी आईंकडे बोट दाखवून म्हटलं, "सुमन." त्यांनी आईंना वरपासून खालपर्यंत बघितलं, दोन्ही गाल धरले, आणि मग दोघी बायका अंगणात तासभर बोलत बसल्या, एक पोर्तुगीजमध्ये आणि एक वऱ्हाडीत. मी मध्ये पडून भाषांतराचं ॲप देऊ केलं. दोघींनी एकदमच हाताने नको म्हटलं.

आता आई पुन्हा येणार आहेत, आणि या वेळी आयर्लंडमधल्याच शॅनन नदीच्या काठाने जायचं ठरलंय. त्यासाठी आईंनी नागपूरहूनच व्हॉट्सॲपवर एक ग्रूप केलाय. त्यात त्या आहेत, इरा आहे, समीर आहे, शेजारची ब्रीडा आहे. मीही आहे. पण सेटिंग असं ठेवलंय की मला फक्त वाचता येतं.