मिर्यामची नऊवारी

नर्सबाईंचा राग सकाळच्या पेजेसारखा नेमाचा होता. कुणी ‘ख्रिस्ती बाई’ म्हटलं की हातातली पिशवी खाली ठेवून त्या सुनावायच्या, “ज्यू मी, ज्यू! अलिबागेकडची.” मालवणात पंचवीस वर्षं बाळंतपणं करून त्यांची बोलीही मालवणी झाली होती. शनिवारी त्यांची चूल पेटत नसे. बाळंतिणीची हाक आली तर मात्र वार बघत नसत.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणात आमच्याकडची आंबोळी त्या परत धाडत. “आंबवलेला आठ दिवस चलना नाय. नवव्या दिवशी दोन जास्त धाडा!” सण पाळायचा तो त्यांच्या आजीच्या शिळाछाप पुस्तकातून. एका पानावर हिब्रू, समोर मराठी, मध्ये चित्रं. एका चित्रात समुद्र दुभंगलेला, मिसरच्या फारो राजाचं सैन्य बुडतंय आणि काठावर मोशेची बहीण मिर्याम डफ वाजवतेय, नऊवारी नेसून, नाकात नथ घालून. ते पान बाई मला दरवर्षी दाखवत.

साठीनंतर त्या मुलाकडे इस्रायलला निघाल्या, तेव्हा पुस्तक आमच्या वाचनालयाला द्यायला आल्या. “थंय हिब्रू वाचणारे ढीगभर. ही मराठी बाजू कोण वाचतलो? ती हयच रवांदे.”

कार्यवाहांनी ते पान उघडलं आणि बाईंच्या देखत हसले. “मिसर देशात नऊवारी? चित्रकाराला अक्कल नव्हती. हे कपाटात ठेवलं तर लोक आपल्याला हसतील.”

बाईंनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट केलं. “ह्या सरस्वतीक जरीचा लुगडा कोणी नेसवल्यान? तुमच्या देवीक चलता, आमच्या मिर्यामेक नाय?”

 तरी समितीनं पुस्तक साभार परत करायचं ठरवलं. समितीत मीही होतो. बाईंचं मला पटलं होतं, आणि मी मान खाली घालून सुपारी चघळत होतो. त्या कार्यवाहांचा मला आजही संताप येतो. माझा त्याहून जास्त येतो.

बोटीच्या दिवशी धक्क्यावर मी म्हटलं, “पुस्तक माझ्याकडे ठेवा, बाई. मी जपेन.”

“तुमची तीन पोरा माझ्या हातार झाली, मास्तरानू. त्या दिवशी तुमच्या तोंडातसून एक शबुद इलो असतो, तर ह्या पुस्तक हयच रवला असता.”

त्या बोटीकडे नेणाऱ्या होडीत बसल्या. वारा होता, पाणी अंगावर उडत होतं. एरवी कामावर पांढरं पाचवारी नेसणाऱ्या बाई त्या दिवशी नऊवारी नेसल्या होत्या. पुस्तक भिजू नये म्हणून त्यांनी ते त्या नऊवारीच्या पदराखाली घेतलं.