आत्याची एका झोकातली सही

गेल्या उन्हाळ्यात मी आत्याला इंग्रजी अक्षरं जोडून सही करायला शिकवलं. ते कशासाठी, हे मला हदगावच्या रजिस्ट्री ऑफिसात, सही व्हायच्या पाच मिनिटं आधी कळलं.

आत्या निलंग्याला दिलेली, बाबांची थोरली बहीण. शाळा दुसरीपर्यंत. नाव लिहायची ते थरथरतं, दोन अक्षरांच्या मधून बैल जाईल एवढी जागा सोडून. बाबा तिला आमच्याकडे नांदेडला घेऊन आले आणि मला म्हणाले, "अक्काला इंग्रजीत सही शिकव. चांगली, एका झोकात."

मी हरखले. बाबांनी आयुष्यभर चळवळीची पत्रकं काढली. मी अक्षरं ओळखायला शिकले तीही त्या पत्रकांवरच. जमिनीत बहिणीचा वाटा मागणारं पत्रक तर मला तोंडपाठ होतं. आजोबा गेल्यावर हदगावकडच्या शेताच्या सातबारावर बाबांच्या शेजारी आत्याचंही नाव लागलं, हे बाबा सभांमधून अभिमानानं सांगायचे.

चार रेघांची वही आणली. आत्या पेन विळ्यासारखं मुठीत धरायची.

"हात उचलू नको."

"अगं, दम तरी घेऊ दे की!"

"दम घे. पेन उचलू नको."

तिच्या नावात शेपटीवाला 'जी' होता. शेपूट काही खालच्या लाल रेघेपर्यंत जाईना. "ह्याला शेपूट कशाला पायजे? माशा हाकायला?" असं म्हणून ती हसायची, आणि परत पहिल्यापासून गिरवायची. दुपारची भांडी तशीच पडायची. सोळाव्या दिवशी अख्खं नाव एका दमात उतरलं, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्याच आठवड्यात बाबा म्हणाले, "हदगावला चल. एका कागदावर साक्षीदार लागतो."

ऑफिसच्या बाकड्यावर बसून मी तो कागद वाचला. हक्कसोडपत्र. आत्या तिचा शेतातला सगळा वाटा भावाला, बाबांना, सोडून देत होती.

मी तीच ओळ तीनदा वाचली.

"बाबा, हे काय आहे?"

"हळू बोल. घरातला विषय आहे."

"लोकांच्या घरात जाऊन हेच सांगत होतात ना तुम्ही?"

बाबा चष्मा पुसत राहिले. मी आत्याला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं.

"तुला माहितीय का, कशावर सही करतेस?"

"हाव. सगळं वाचून दाखवलंय त्यानं."

"मग?"

"मग काय? वाटा घेऊन माहेर तोडू? पंचमीला कोण येईल मला न्यायला?"

"मग सही कशाला शिकलीस एवढा जिवाचा आटापिटा करून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, एवढं साधं मला कसं कळत नाही म्हणून. "पहिल्यासारखी वाकडीतिकडी केली असती, तर गाव म्हणलं असतं, अडाणी बहिणीला फशिवलं. आता कोण म्हणतंय?"

फसवणूक मी शोधत होते, आणि ती झाकायचं काम मीच सोळा दिवस केलं होतं.

"मी साक्षीदार होणार नाही," मी म्हणाले.

"नको होऊ. तुलाबी भाऊ हाय. तुझी पाळी आली म्हंजे बोल."

बाबांनी समोरच्या झेरॉक्सवाल्याला दोन मिनिटांत साक्षीला उभं केलं.

"राजीखुशीनं देताय ना, मावशी?" आत गेल्यावर कारकुनानं विचारलं.

"हाव."

प्रत्येक पानावर सही हवी होती. पहिल्या पानावर छान आली. दुसऱ्यावर 'जी'चं शेपूट अर्ध्यातच राहिलं. आत्या थांबली आणि सवयीनं तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवायला हवं होतं. पण माझं बोट कधी कागदावर गेलं ते मलाही कळलं नाही. "अजून खाली," मी म्हणाले.

तिसऱ्या पानावर तिनं ते बरोबर खाली नेलं, हात न उचलता.

कारकुनानं कागद ओढून घेतला आणि शिक्का मारला.