डायनिंग टेबलावरचा महादेव

माझा आजार स्नायू झिजण्याचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज थोडं तरी चाललंच पाहिजे. एकदा गेलेली ताकद परत येत नाही. पंचवटीत देवळाच्या निमित्ताने ते चालणं व्हायचं, आणि मी मोठा भक्त आहे असा लोकांचा समजही टिकून राहायचा. मग करोना आला. देवळं बंद, सोसायटीचं गेट बंद. आता आपले पाय घरातच संपणार, या भीतीने मी कधी नव्हे ते देवाला मनापासून काही मागू लागलो.

शेवटी देवघरातली पिंडी डायनिंग टेबलाच्या मधोमध ठेवली आणि टेबलाला प्रदक्षिणा सुरू केल्या. व्यायामाचा व्यायाम, पुण्याचं पुण्य. पण बायकोने पहिल्याच फेरीला अडवलं. "अहो, शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते. पन्हळ ओलांडायची नसते." पन्हळीचं तोंड नेमकं फ्रिजकडे. म्हणजे एका बाजूने फ्रिजपर्यंत जायचं, वळायचं, मग उलटं फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा फ्रिजच. सरळ चालणं मला जमतं, वळणं जमत नाही. पण देवाचं काम, आणि वर बायकोचं म्हणणं, बोलणार कोण? एका सकाळी वळताना गुडघा दुमडला आणि मी फ्रिजला टेकून फरशीवर बसलो.

एकदा खाली बसलो की मला आपलं आपण उठता येत नाही. बायकोने ओढून पाहिलं, पण आजाराने स्नायू नेले तरी वजनाला हात लावलेला नव्हता. शेजारच्यांना बोलावते म्हणाली. मी नको म्हटलं. कारण संसर्गाचं सांगितलं. खरं तर असं पडलेलं मला कुणी पाहायला नको होतं. मनात म्हटलं, महादेवा, आता तूच काय ते बघ.

तेवढ्यात बेल वाजली. दारात डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा पोशाख. बायकोने आधी हातच जोडले, मग पाठीवरची टाकी दिसली. औषध फवारायला आलेला माणूस होता. जायचं होतं वरच्या मजल्यावर, आला आमच्याकडे. मला पाहून त्याने टाकी उतरवली.

"काका, लाजू नका. लहान पोर उचलून घ्यायला हात वर करतं ना, तसे करा."

मी केले. त्याने अलगद खुर्चीत बसवलं, चहालाही न थांबता वर गेला. चेहरा दिसलाच नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलावर गणपती आला. त्याच्याभोवती न वळता गोल फिरता येतं. मी अजून चालतो. अधूनमधून पडतोही. पडलो की शेजाऱ्यांना हाक मारतो आणि दोन्ही हात वर करतो. हात गुंतलेले असतात, म्हणून उचलणाऱ्याला नमस्कार मनातल्या मनातच.