सोड्यांची सोयरीक

"आधी जेवू, मग बोलू," असं म्हणून भाभी समोरची ताटली टेबलावर एकदा गोल फिरवायच्या. सुरुवात कुठून करायची ते नीट बघून मगच पहिला घास. तोवर आपण कितीही महत्त्वाचं सांगत असलो तरी ते त्यांच्या कानापर्यंत पोचायचं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे अन्न आलं की आपण उठून गेलो तरी चालतं.

मी साताऱ्याची. हिवाळ्यात दोन-तीन महिने लेकीकडे आखातात, अल कुसैसला जाते. लेक-जावई ऑफिसात, नात शाळेत. ती घरी आली की मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, एवढाच आमचा संवाद. त्यामुळे समोरच्या दारातल्या भाभी भेटल्या तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं. मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवऱ्याने किराणा मालाचं दुकान टाकलं आणि त्यातच निम्मं आयुष्य गेलं. त्या मला ताई म्हणायच्या.

गेल्या वर्षी त्यांनी एक नवंच खूळ घेतलं. दर शनिवारी संध्याकाळी दार वाजायचं. "चला ताई, यल्ला. थाई खाऊन येऊ."

मोकळ्या जागेत ओळीने थाई जेवणाचे स्टॉल, मध्ये प्लास्टिकची टेबलं आणि वर आकाश. माझ्यासारखे पाहुणे, कामावरून सुटलेली माणसं, रांगणारी पोरं, सगळे तिथे. जावई नेतात त्या हॉटेलांत मी मेनू किमतीच्या बाजूने वाचते. इथे तशी वेळ येत नसे. दोघी पोटभर जेवून थंड हवेत तासभर बसलो तरी कुणी बिल आणून आपटायचं नाही.

पण भाभी मजा करायला आल्यासारख्या जेवत नसत. एका शनिवारी एकच स्टॉल. सूप प्यायल्या की म्हणायच्या, "गवती चहा ठीक. आंबटपणा ठीक. पण जरा घाईचं वाटतं." हिरव्या कालवणावर शेरा आला, "नारळाला हात सढळ आहे, माणसं चांगली असणार." कच्च्या पपईची कोशिंबीर आली तेव्हा मात्र त्यांनी बोटाने ती उकरली आणि त्यांचा चेहरा उजळला. "ताई, हे बघा. सोडे! सुकी कोळंबी! आमच्याच घरातले जसे काही." माझं घाटावरचं नाक. मी श्वास रोखून कौतुक केलं.

शेवटी न राहवून मी विचारलं, "भाभी, ही परीक्षा कसली चालली आहे?"

त्यांनी आधी घास संपवला. मग म्हणाल्या, "मुलगी बघते आहे."

त्यांचा एकुलता एक मुलगा रुवैसच्या रिफायनरीत इंजिनिअर. हाताला लागलं म्हणून दवाखान्यात पट्टी बांधायला गेला आणि पट्टी बांधणाऱ्या नर्समध्ये अडकला. मुलगी दक्षिण थायलंडची, पण भाभींसारखीच मुसलमान. तरी गावाकडून फोनवर फोन येत होते. भाषा नाही, ओळखपाळख नाही, कुठे सोयरीक करता? भाभींच्या नवऱ्याने हात झटकले आणि सांगितलं, तू ठरव.

"आमच्या घराण्यात मुलगी बघायला गेलं की तिच्या घरी जेवायचं म्हणजे होकार," भाभी म्हणाल्या. "नकार असेल तर नुसतं पाणी पिऊन उठायचं. मीठ खाऊन नाही म्हणता येत नाही."

"मग तुम्ही तर केव्हाच हो म्हणून बसलात."

"हे विकतचं. हे चालतं. तिच्या हातचं कुठे खाल्लंय अजून?"

पुढच्या शनिवारी मुलगा तिला घेऊन तिथेच आला. डोक्याला निळा स्कार्फ, हसरी, उंचीने भाभींच्या खांद्याएवढी. तिने सलाम केला आणि भाभींचा हात आपल्या कपाळाला लावला. भाभी जराशा गडबडल्या. मग बसल्या आणि त्यांनी पाण्याची बाटली उघडली. एक घोट. आणखी एक घोट. मुलाचा चेहरा पडला. मला तर त्या पाण्याचा राग यायला लागला.

मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती उठून कोशिंबिरीच्या स्टॉलवर गेली, तिथल्या बाईशी आपल्या भाषेत काहीतरी बोलली आणि उखळ मागून घेतलं. पपई, मिरची, लिंबू, गूळ, शेंगदाणे, सगळं स्वतः कुटून ताटली भाभींपुढे ठेवली. भाभींनी वाकून वास घेतला आणि थांबल्या.

"यात सोडे नाहीत."

मुलाने तिला इंग्रजीत विचारलं. मग आईला म्हणाला, "अम्मी, तिने मुद्दाम नाही घातले. हॉस्पिटलमध्ये तिच्या डब्याच्या वासावरून इंडियन नर्स कुरकुर करतात. तिला वाटलं, तुलाही आवडणार नाही."

आईचं अर्धं फडताळ सोड्यांनी भरलेलं असतं, हे या शहाण्याने तिला आधीच सांगायला हवं होतं. पण प्रेमात पडलेली पोरं अशा कामाच्या गोष्टी बोलत नाहीत.

भाभी खुर्चीवरून उठल्या. त्या सरळ स्टॉलवर गेल्या, मूठभर सोडे घेऊन आल्या, ताटलीत टाकले आणि हाताने कालवले. "बेटा, मेरे लिए अपना स्वाद मत छोड़ना," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "नीट समजावून सांग तिला. आज माझ्यासाठी चव सोडेल, उद्या अजून काही सोडेल. मग एक दिवस तिला माझाच राग येईल. मला नको आहे ते."

आणि त्या जेवल्या. पहिला घास स्वतः घेतला, दुसरा तिला भरवला. मुलाने दोन्ही हातांनी तोंडच झाकून घेतलं.

परतल्यावर दारात किल्ली फिरवता फिरवता भाभी म्हणाल्या, "जेवण जमलं, ताई. बोलायचं कसं? तिचं हिंदी चार शब्दांचं, माझं इंग्लिश थँक्यूपुरतं. सून आली की दिवसभर गप्पा मारीन, असं किती वर्षं मनात होतं." मी आमचं दार हळूच उघडलं. आत इंग्रजीत उत्तरं देणारी माझी नात झोपली होती.

यंदा गेले तर समोरचं दार दुसऱ्याच कुणी उघडलं. दुकान गुंडाळून नवरा-बायको रत्नागिरीला कायमची परत गेली होती. शनिवारी लेकीने मला त्याच थाई स्टॉलांवर जेवायला नेलं. माझं लक्ष लागेना. टेबलावरूनच मी भाभींना व्हिडिओ कॉल लावला.

"थांबा हां ताई, हात मासळीचे आहेत," म्हणत त्यांनी फोन कशाला तरी टेकवून ठेवला. मागच्या पडवीत त्या आणि सुट्टीवर आलेली सून कोळंबी सोलत बसल्या होत्या. भाभींनी वर न बघता हात पुढे केला, सुनेने त्यात सुरी दिली. भाभींची ओढणी घसरली, तशी सुनेने ती मनगटाने सारून नीट केली. एक कोळंबी हातात धरून सून काहीतरी खुणेने म्हणाली आणि भाभी खांदे हलेपर्यंत हसल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. मी फोनवर आहे हे दोघी साफ विसरल्या होत्या.

मी हाक मारली नाही. लेक म्हणाली, "आई, भात गार होतोय." मी तिला गप्प राहायची खूण केली आणि बघत बसले.